दाट रश्श्याचा मऊ बटाटा : थकल्या जिवासाठी सोपं कोरड्यास

आरोग्य पानाच्या या पाठात आपण बटाट्याकडे जरा नीट पाहणार आहोत. आपल्या वस्तीत असं घर सापडणार नाही, जिथं आठवड्यातून दोन-तीनदा बटाटा शिजत नाही. लेकरू तापातून उठलं, म्हाताऱ्या माणसाला दात नाहीत, हळद काढून किंवा ऊस तोडून माणूस दमून आला, अशा वेळी मऊ शिजलेला, दाट रश्श्याचा गरम बटाटा भाकरीसोबत बरा वाटतो. तो तिखट नसतो, चावावा लागत नाही आणि पोटाला ऊब देतो.

पण याच बटाट्यामुळं आपली एक फसगतही होते. बटाटा झाला म्हणजे भाजी झाली, असं आपण धरून चालतो. म्हणून या पाठात दोन गोष्टी शिकायच्या आहेत. एक, साय-लोण्याचा खर्च न करता बटाटा दाट आणि पौष्टिक कसा करायचा. दोन, तो ताटात कशासोबत वाढायचा आणि कुणाच्या वाटीत किती पडतो, हे कसं पाहायचं.

बटाटा : भाजी की भाकरीचा भाऊ?

बटाटा मूळचा आपल्या देशातला नाही. दक्षिण अमेरिकेतल्या अँडीज पर्वतातल्या लोकांनी तो हजारो वर्षांपूर्वी पिकवायला सुरुवात केली. तिथून तो युरोपात गेला आणि पोर्तुगीजांच्या काळात आपल्या किनाऱ्यावर उतरला. उत्तरेत त्याला आलू म्हणतात. आपण बटाटा म्हणतो, कारण हा शब्द पोर्तुगीजांकडूनच मराठीत आला.

हिंगोली जिल्ह्याची ओळख हळद, सोयाबीन, तूर, हरभरा आणि कापूस यांची. बटाटा आपल्याकडं बहुतेक बाहेरून, बाजारातून येतो. शीतगृहांमुळं तो बारा महिने मिळतो आणि घरात बरेच दिवस टिकतो. उन्हाळ्यात पालेभाजी महाग होते, लवकर सुकते, तेव्हा तर रोज बटाट्यावरच हात जातो.

आता त्याच्या आतलं पाहू. १०० ग्रॅम उकडलेल्या बटाट्यात सुमारे २० ग्रॅम पिष्ट पदार्थ असतात आणि प्रथिनं जेमतेम २ ग्रॅम. थोडं क जीवनसत्त्व आणि बऱ्यापैकी पोटॅशियमही मिळतं. म्हणजे बटाटा वाईट नाही. पण त्याचं मुख्य काम ताकद देण्याचं आहे आणि तेच काम भाकरी, पोळी, भातही करतात. जागतिक आरोग्य संघटना रोज किमान ४०० ग्रॅम फळं-भाज्या खायला सांगते. त्या हिशेबात बटाटा, रताळं धरलेलं नाही. बटाटा भाजीवाल्याकडं मिळत असला तरी शरीराच्या दृष्टीनं तो भाकरीचा भाऊ आहे. भात, पोळी आणि बटाटा असं ताट वाढलं, तर एकाच घरचे तीन भाऊ जेवायला बसले आणि बाकीचे पाहुणे आलेच नाहीत, असं होतं.

साय नसताना दाटपणा कुठून येतो?

थंड देशांत बटाटा दुधात आणि सायीत शिजवतात. आपल्या आजी-पणजीच्या चुलीवर हे शक्य नव्हतं. शाहू पाटोळे यांचं 'अन्न हे अपूर्णब्रह्म' हे पुस्तक २०१५ साली आलं. मराठवाड्यातल्या महार आणि मांग समाजाच्या खाण्याची नोंद त्यात आहे. दूध, तूप, लोणी या गोष्टी ज्या चुलींपर्यंत क्वचितच पोहोचल्या, त्या चुलींची ती हकीगत आहे. पण दूध-तूप नव्हतं म्हणून आपल्या बायांना रस्सा दाट करता येत नव्हता असं नाही. शेंगदाण्याचं कूट, येसर, बेसनाचं आळण, ज्वारीचं पीठ ही सगळी दाटपणाची साधनंच आहेत.

बटाट्यात तर दाटपणा जन्मतःच आहे. त्यातल्या पिठूळ भागाचे बारीक कण गरम पाण्यात पाणी पिऊन फुगतात. काही कण फुटून रश्श्यात मिसळतात आणि पातळ पाणी दाट होतं. म्हणून चार बटाट्यांपैकी एक किसून टाकला, की रस्सा आपोआप सायीसारखा होतो. त्यात कूट घातलं की चवही येते आणि प्रथिनंही वाढतात. बाजारातली साय किंवा चवीच्या मसाल्याची पुडी यासाठी लागत नाही.

साहित्य (चार माणसांसाठी)

- मध्यम बटाटे ४ (सुमारे अर्धा किलो)
- कांदा १, बारीक चिरलेला
- लसणाच्या पाकळ्या ४-५, ठेचलेल्या
- भाजलेल्या शेंगदाण्याचं बारीक कूट ३ मोठे चमचे (सुमारे ३० ग्रॅम)
- दूध अर्धा कप. नसेल तर नाही घातलं तरी चालतं
- तेल २ चहाचे चमचे
- जिरे अर्धा चमचा, हळद पाव चमचा
- मीठ पाऊण चहाचा चमचा
- पाणी अडीच कप, गरम
- कोथिंबीर, हवी असल्यास एक हिरवी मिरची, अख्खी

लाल तिखट मुद्दाम लिहिलेलं नाही. आजारी माणूस आणि लहान मूल यांची वाटी आधी काढून घ्यावी. बाकीच्यांना तिखट हवं असेल तर त्यांनी लसणाची चटणी वरून घ्यावी.

कृती

१. बटाटे सालीसकट स्वच्छ धुवा. साल पातळ काढा. बटाटे कोवळे आणि स्वच्छ असतील तर साल ठेवली तरी हरकत नाही.

२. तीन बटाट्यांच्या मोठ्या फोडी करा आणि चौथा किसून घ्या. चिरलेले बटाटे तासन्‌तास पाण्यात बुडवून ठेवू नका. क जीवनसत्त्व आणि पोटॅशियम पाण्यात उतरतं आणि ते पाणी आपण मोरीत ओततो. चिरलं की लगेच फोडणीत टाका.

३. पातेल्यात तेल तापवून जिरे, लसूण आणि कांदा टाका. कांदा लाल करू नका. नरम आणि काचेसारखा झाला की पुरे. हळद घाला आणि लगेच बटाटा टाकून हलवा, म्हणजे हळद करपत नाही.

४. फोडी जेमतेम बुडतील इतकं गरम पाणी घाला. उरलेलं पाणी बाजूला ठेवा. झाकण ठेवून मंद आचेवर २० ते २५ मिनिटं शिजवा. झाकण ठेवल्यानं जळण वाचतं आणि चुलीजवळ बसणाऱ्या बाईच्या छातीत धूरही कमी जातो. कुकर असेल तर दोन शिट्ट्या पुरेत.

५. फोड बोटानं दाबल्यावर सहज मोडली, की चार-पाच फोडी पातेल्याच्या कडेला पळीनं दाबून मोडा. सगळा बटाटा रवीनं घुसळू नका. फार घुसळलं की पिठूळ भाग चिकट होतो आणि रस्सा खळीसारखा लागतो.

६. कूट थोड्या पाण्यात कालवून घाला, म्हणजे गुठळ्या होत नाहीत. मीठ घाला. आणखी पाच मिनिटं शिजू द्या. फार दाट झालं तर बाजूला ठेवलेलं पाणी घाला.

७. दूध घालायचं असेल तर ते कोमट करून अगदी शेवटी घाला. आच मंद ठेवा, एक-दोन मिनिटांनी उतरवा. वर कोथिंबीर टाका.

टोमॅटो आणि चिंचेबद्दल

कुणाला आंबटपणा आवडतो. पण दूध घातलं असेल तर टोमॅटो, चिंच, लिंबू पातेल्यात घालू नका, दूध फाटतं. दूध नसेल तर टोमॅटो जरूर घाला, मात्र बटाटा शिजल्यावर. आंबट पाण्यात बटाटा लवकर मऊ होत नाही. पुष्कळ बाया म्हणतात, 'तासभर शिजवलं तरी फोडी कडकच राहिल्या.' त्याचं कारण बऱ्याचदा सुरुवातीलाच टाकलेलं आंबट असतं.

हिरवा आणि कोंबाचा बटाटा

उजेडात पडलेला बटाटा हिरवा होतो. हिरवा रंग स्वतः विषारी नसतो. पण जिथं तो येतो तिथं बहुधा सोलॅनिन नावाचा कडू विषारी पदार्थही वाढलेला असतो. कोंब आणि डोळ्यांच्या जागीही तो जास्त असतो. असा बटाटा जास्त खाल्ला तर मळमळ, उलटी, पोटदुखी, जुलाब होतात. उकळल्यानं किंवा तळल्यानं तो पदार्थ जात नाही, हे पक्कं लक्षात ठेवा.

बारीक कोंब आला असेल आणि बटाटा घट्ट असेल, तर कोंब आणि डोळा खोलवर कोरून काढा. थोडा हिरवा भाग जाडसर कापून टाका. पण बटाटा बराचसा हिरवा, सुरकुतलेला, मऊ पडलेला किंवा चवीला कडू असेल तर फेकून द्या. बाजार उठताना ढिगानं स्वस्त विकला जाणारा बटाटा घेताना हे आधी पाहा. लेकराच्या वाटीत तर असा बटाटा जाताच कामा नये.

घरी आणलेला बटाटा प्लास्टिकच्या पिशवीत बांधून ठेवू नका. टोपलीत किंवा गोणपाटात, अंधाऱ्या आणि हवा खेळत्या जागी ठेवा. पत्र्याच्या घरात जमिनीजवळचा कोपरा त्यातल्या त्यात थंड असतो. कांदा आणि बटाटा एकाच टोपलीत ठेवू नका. दोन्ही लवकर खराब होतात.

एका वाटीचं गणित

आता हिशेब करू. अर्धा किलो बटाट्यात प्रथिनं सुमारे १० ग्रॅम. तीन चमचे कुटातून ७ ते ८ ग्रॅम आणि अर्ध्या कप दुधातून सुमारे ३ ग्रॅम वाढतात. म्हणजे मूठभर शेंगदाणे आणि थोडं दूध यांनी त्याच पातेल्यातली प्रथिनं जवळपास दुप्पट झाली. चार जणांत वाटलं तर एकाच्या वाट्याला सुमारे ५ ग्रॅम येतात.

५० किलो वजनाच्या मोठ्या माणसाला दिवसाला सुमारे ४० ग्रॅम प्रथिनं लागतात. आपली ही वाटी त्यातला आठवा हिस्सा देते. बाकीचं कुठून आणायचं? तुरीच्या किंवा मुगाच्या दाट वरणातून, मोड आलेल्या मटकीतून, हरभऱ्यातून, अंड्यातून, मासळी-मटणातून. जे परवडेल ते, पण रोज काहीतरी हवंच.

दुसरी उणीव लोहाची. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या शंभरातल्या सुमारे ५४ बायांच्या अंगात रक्त कमी आढळलं. पाच वर्षांखालच्या लेकरांत हे प्रमाण आणखी जास्त, शंभरात सुमारे ६९ होतं. बटाट्यात लोह फारच थोडं असतं. म्हणून या रश्श्यासोबत ताटात पालेभाजी हवी : तांदुळजा, करडईची भाजी, हरभऱ्याचा पाला, शेवग्याचा पाला, पावसाळ्यात घोळ. भाजीवर लिंबू पिळा. लिंबातलं क जीवनसत्त्व पालेभाजीतलं लोह शरीराला घ्यायला मदत करतं. चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नका, तासभर थांबा. चहामुळं लोह कमी मुरतं. ज्यांना रक्तवाढीच्या गोळ्या सुरू आहेत त्यांनी त्या बंद करू नयेत. भाजी गोळीची जागा घेत नाही.

तेव्हा चांगलं ताट असं : ज्वारीची भाकरी, वाटीभर वरण किंवा उसळ, पालेभाजी आणि सोबत कोरड्यास म्हणून हा बटाटा. बटाटा जास्त घेतला तर भाकरी किंवा भात थोडा कमी घ्यावा.

कुणी कसा खावा?

*लहान मूल :* सहा महिन्यांनंतर वरचं अन्न सुरू करताना बटाटा चांगला कुस्करून, वरणासोबत द्या. एक वर्षापर्यंत मीठ घालू नका. अख्खे शेंगदाणे लहान मुलांना कधीही देऊ नका, घशात अडकतात. कूट अगदी बारीक हवं. कूट पहिल्यांदा देताना चिमूटभर द्या. अंगावर गांधी उठल्या, ओठ सुजले किंवा उलटी झाली तर पुन्हा देऊ नका आणि डॉक्टरांना दाखवा. धाप लागली तर लगेच दवाखाना गाठा.

*तापातून किंवा जुलाबातून उठलेलं माणूस :* जुलाबात आधी जलसंजीवनी. सोबत मऊ अन्न थोडं-थोडं चालू ठेवा. उपाशी ठेवू नका. रस्सा बिनतिखट, तेल कमी. लेकरू सुस्त पडलं, पाणी पीत नाही, लघवी कमी झाली, शौचात रक्त आलं, तर बटाटा शिजवत बसू नका. आशाताईंना कळवा आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात न्या.

*म्हातारी माणसं :* दात नसलेली माणसं हळूहळू चहा-बिस्किटावर येतात. हा रस्सा त्यात भाकरी कुस्करून दिला तर चांगला. पण त्यातही दाट वरण किंवा कुस्करलेलं अंडं घाला, नाहीतर पोट भरतं आणि अंग झडत जातं.

*साखरेचा आजार असलेले :* बटाटा पूर्ण बंदच, असं नाही. पण दोन-तीन लहान फोडी आणि तेवढी भाकरी कमी. पातळ लगद्यापेक्षा फोडी बऱ्या. वरण आणि पालेभाजी आधी खावी. बटाटा आणि भात एका वेळी नको.

*रक्तदाब असलेले :* दिवसभराचं मीठ सगळं मिळून ५ ग्रॅमच्या आत, म्हणजे एक चहाचा चमचा. रस्सा सौम्य केला आणि सोबत पापड-लोणचं घेतलं तर उपयोग काय?

*मूत्रपिंडाचा आजार असलेले :* बटाट्यात पोटॅशियम असतं. अशा रुग्णानं डॉक्टरांना विचारल्याशिवाय खाऊ नये.

उरलेला रस्सा

आपल्याकडं उन्हाळ्यात पारा चाळीसच्या पुढं जातो. दूध किंवा कूट घातलेला रस्सा अशा उन्हात लवकर आंबतो. शिजवल्यापासून दोन तासांत संपवावा. फ्रीज नसेल तर लागेल तेवढाच करावा. वास बदलला, फेस आला, तार सुटली तर उकळून खाऊ नका, टाकून द्या. कामावर डबा न्यायचा असेल तर दूध न घालता, कोरडासर करून न्या.

शेवटची वाटी कुणाची?

आता या पाठातला सर्वांत महत्त्वाचा भाग. रस्सा चार माणसांचा, खाणारी माणसं सहा. आधी पुरुष जेवतात, मग लेकरं, मग सासू. शेवटी शिजवणारी बसते, तेव्हा पातेल्यात फोडी नसतात, खालचं पाणी उरलेलं असतं. ती त्यात पाणी वाढवते, मीठ-तिखट टाकते आणि भाकरी मोडून खाते. कूट, दूध, वरणाचा दाट भाग सगळं वर गेलेलं असतं. तीच दुसऱ्या दिवशी हळदीच्या रानात किंवा धुण्या-भांड्याला जाते. तीच गरोदर असते, तीच अंगावर पाजते. वर सांगितलेला शंभरातल्या ५४ बायांचा आकडा अशाच पातेल्यांच्या तळाशी तयार होतो.

२० जुलै १९४२ रोजी नागपूरच्या अखिल भारतीय दलित महिला परिषदेत डॉ. बाबासाहेबांनी सांगितलं होतं, की समाजाची प्रगती ते त्या समाजातल्या स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतात. लग्नानंतर बाईनं नवऱ्याची गुलाम न होता मैत्रीण म्हणून, बरोबरीनं उभं राहावं, असंही त्यांनी तिथं बजावलं. ही बरोबरी मोजायला घरात पातेल्याइतकी सोपी जागा दुसरी नाही.

म्हणून आपल्या घरात एक साधा नियम करा. रस्सा उतरवला की वाढण्याआधीच सगळ्यांच्या वाट्या ओळीनं मांडा. शिजवणारीची वाटीही त्यात मांडा. प्रत्येकीत फोडीही पडल्या पाहिजेत आणि रस्साही. गरोदर किंवा अंगावर पाजणारी असेल तर तिच्या वाटीत कूट आणि वरण थोडं जास्त. शक्य असेल तेव्हा सगळ्यांनी एकत्र बसावं. हे सांगायचं काम सुनेचं नाही. घरातल्या बाप्यांनी आणि सासूबाईंनी ते करावं.

घरी करून पाहा

१. आज रात्री वाट्या आधी मांडून वाढा. शेवटच्या वाटीत किती फोडी आल्या ते मोजा.

२. गेल्या सात दिवसांत आपल्या घरी बटाटा किती वेळा झाला आणि पालेभाजी किती वेळा, ते मुलांना वहीत लिहायला सांगा.

३. टोपलीतले बटाटे बाहेर काढून हिरवे आणि कोंबाचे वेगळे करा.

४. घरातल्या प्रत्येक बाईनं रक्त केव्हा तपासलं होतं ते आठवा. वर्ष उलटून गेलं असेल तर येत्या आठवड्यात आशाताईंना सांगून तपासून घ्या.

५. महिला मंडळाच्या पुढच्या बैठकीत हा पाठ मोठ्यानं वाचा. ज्यांना वाचता येत नाही त्यांनी रस्सा करून आणावा आणि आपापला दाटपणाचा उपाय सांगावा. या बाबतीत आपल्या आज्यांकडं शिकण्यासारखं पुष्कळ आहे.